कोर्सची फी भरण्याआधी

तायांनो, बारावीचा निकाल लागला की गावात कागद येतोच, "एका वर्षात लॅब टेक्निशियन, नोकरीची हमी." मग गटात कर्जाची मागणी येते. थांबा, आधी वही काढा.

समजा फी 60,000 रुपये आणि गटाचं कर्ज महिना 2 टक्क्यांनी. महिन्याला 1,200 व्याज, कोर्सच्या वर्षात 14,400. लेक अजून कमावतसुद्धा नाही! पुढे समजा पगार 8,000 मिळाला, खोली-डबा-एसटीत 5,000 गेले. उरलेले 3,000 सगळे हप्त्यात घातले तरी कर्ज फिटायला आणखी 26 महिने. म्हणून पगाराचा आकडा संस्थेला विचारू नका, तिथून शिकून गेलेल्या दोघी-तिघींना विचारा.

महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी या सर्टिफिकेटवर मिळेल का, हे लेखी मागा. "ते नंतर बघू" म्हणाले तर सरळ उठून या.

दवाखान्यात रुग्णांची देखभाल करायचं, म्हणजे जीडीएचं प्रशिक्षण दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत असतं, त्याला फी नाही. बॅच चालू आहे का, ते तालुक्याच्या उमेद कक्षात विचारा. काम मात्र अंगमेहनतीचं, रात्रपाळीचं आहे. ते लेकीला आधीच सांगा.

पुढच्या बैठकीला फीचा कागद घेऊन या, आपण मिळून हिशेब करू.