शिक्षेआधी विचारपूस



आपली मुले शाळेत जाऊ लागली याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. परंतु पटावर नाव असणे वेगळे आणि वर्गात मन लागणे वेगळे. आज मला बोलायचे आहे ते वर्गात असूनही नसलेल्या मुलांविषयी.

एखादा मुलगा सतत मारामारी करतो. त्याला आपण 'वांड' म्हणतो. एखादी मुलगी महिनोन्‌महिने कोणाशी बोलत नाही, शाळेची वेळ झाली की तिचे पोट दुखते. तिला आपण 'नाटकी' म्हणतो. त्याला छडी मिळते, हिच्याकडे कोणी पाहतही नाही. घरातील दारू, आई किंवा वडिलांचे छत्र हरपणे, जातीवरून होणारी चेष्टा, वाचता येत नाही याची लाज, यांपैकी त्या वागण्यामागे काय आहे हे विचारल्याशिवाय कसे कळणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात 10 ते 19 वयोगटातील दर सातांपैकी एकाला मानसिक विकाराचा त्रास असतो. तेव्हा हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे.

मारल्याने मूल गप्प होते, त्याचे दुःख तसेच राहते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. मग शिक्षकांनी करावे काय? चारचौघांत जाब न विचारता मुलाला बाजूला घ्यावे. 'असे का केलेस?' याआधी 'काय झाले?' असे विचारावे. कोणत्या तासाला, कोणासमोर बिनसते याची आठवडाभर नोंद ठेवावी. रोज पाच मिनिटे ऐकून घेणारे एक हक्काचे माणूस त्याला शाळेत मिळावे. नियम सर्वांना सारखेच असावेत, पण अपमान कोणाचाही नसावा.

पालकहो, 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संपर्क ठेवावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिले आहेत. आपल्या शाळेत याचे काय झाले, हे पालकसभेत विचारा. मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा मानू नका. शासनाची 'टेलि-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीतूनही बोलता येते.

विद्यार्थी मित्रांनो, 'मला जगावेसे वाटत नाही' असे एखादा मित्र म्हणाला, तर ते गुपित ठेवू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी विश्वासातील मोठ्या माणसाला सांगा. ही चहाडी नव्हे, ही मैत्री आहे.

पुढच्या वर्षी या सभेत गुणवंतांचा सत्कार आपण जरूर करू. त्याचबरोबर सुटलेली किती मुले पुन्हा वर्गात रमली, याचाही हिशेब मांडू.