खुब्याचा व्यायाम आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. सभेत बोलण्याची मला सवय नाही. परंतु रेणापुरात मुलींच्या कराट्याविषयी जी कुजबुज चालते, तिच्याबद्दल चार शब्द सांगावेसे वाटतात.

सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींना ३ महिने आत्मसंरक्षण शिकवण्याची योजना आहे. तिला राणी लक्ष्मीबाईंचे नाव दिले आहे. त्यात पुष्कळ ठिकाणी कराटे शिकवतात. माझी धाकटीही शिकते. मुलींनी ठोसे मारले तर कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती सुरुवातीच्या व्यायामाला. पाय फाकवणे मुलीच्या जातीला शोभते का, असे आपण आयाच विचारतो. मग मुली तेवढा भाग अंग चोरून करतात आणि एकदम लाथ उचलतात.

कराटे ही जपानातील ओकिनावा बेटावरची विद्या. फुनाकोशी गिचिन या गुरूंनी १९२२ साली ती टोकियोत करून दाखवली. कराटे म्हणजे रिकामा हात. पण जोर येतो तो कमरेतून. आपला खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे गोल टोक त्या उखळीत फिरते. तो सांधा आखडलेला असला, की लाथेचा हिसका कंबर, जांघ आणि गुडघा यांना बसतो.

म्हणून आधी ५ मिनिटे जागच्या जागी चालून अंग गरम करावे. मग भिंतीला हात टेकून एकेक पाय पुढे-मागे आणि नंतर आडवा, झोपाळ्यासारखा १०-१० वेळा झुलवावा. पुढे गुडघा कमरेइतका उचलून बाहेरच्या अंगाने गोल फिरवावा, तसाच उलटाही. त्यानंतर घोड्यावर मांड ठोकल्याप्रमाणे पाय फाकवून थोडे खाली बसावे. याला ते किबा-दाची म्हणतात. गुडघे आत पडू देऊ नयेत. तळवे जुळवून बसण्याचे आपले भद्रासन सर्वांत शेवटी करावे. ताण लागावा, पण कळ येऊ नये. ज्यांचे गुडघे किंवा खुबे दुखतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

भगिनींनो, यात परके ते काय? पंचमीला बसफुगडी घालताना आपण उकिडवे बसून पाय फेकतोच ना? खुरपताना, सारवताना, जात्यावर दळताना आपल्या आज्यांचे खुबे आपोआप मोकळे राहत. त्यात कोणाला लाज वाटली नाही. आता स्वयंपाक ओट्याशी उभ्याने, जेवण खुर्चीवर आणि दळण गिरणीत. म्हणून हा व्यायाम आपल्यालाही हवा. वयाचे म्हणाल, तर २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये कराट्याच्या काता प्रकारात सुवर्णपदक मिळवणारी स्पेनची सान्द्रा सांचेझ ३९ वर्षांची होती. आपल्याला पदक नको. नवरात्रात रेणुकामातेच्या देवळात सुखाने मांडी घालून बसता आले, तरी पुष्कळ.

मुलीवर प्रसंग ओढवला, तर तिला लाथ मारावी लागेल किंवा पळावे लागेल. त्या वेळी आखडलेले पाय उपयोगी पडणार नाहीत. ती घरी सराव करू लागली, की हवे तर दार लोटून घ्या. पण तिला थांबवू नका. जमल्यास तिच्या शेजारी उभ्या राहा.

एवढे बोलून मी आपली रजा घेते.