गॅरेजातला वेळ जातो कुठे?

विरार पूर्वेच्या आपल्या मनवेलपाड्यातून मी बोलतेय.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी कर्ज मागितलं. घरचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे, दोन कारागीर आहेत. तरी गाडी वेळेवर मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक तुटायला लागलं होतं. भाऊंचं म्हणणं, गाडी उचलायची लिफ्ट घेतली की काम पटापट होईल. आम्ही म्हटलं, ताई, आधी आठ दिवस वही लिहा. गाडी कधी आली, हात कधी लागला, काम कशासाठी थांबलं.

वहीत काय निघालं? कारागीर आठ तास हजर, पण गाडीवर हात पाचच तास. बाकीचे तीन तास पान्हा शोधण्यात, ब्रेक पॅडसाठी दुकानाच्या फेऱ्यांत आणि गाडीमालकाच्या होकाराची वाट बघण्यात गेले.

दोन तासांचं काम कारागिराने दीड तासात केलं, ही त्याची कार्यक्षमता. आणि हजेरीच्या 8 तासांपैकी 5 तास कामी लागले, म्हणजे साडेबासष्ट टक्के, ही उत्पादकता. हात चलाख होते, वेळ भोवतीच्या घोळात जात होता. त्याला लिफ्ट काय करणार?

जपानच्या टोयोटा कंपनीतले ताइची ओनो यांनी कारखान्यात वाया जाणाऱ्या सात गोष्टी सांगितल्या. वाट बघणं ही त्यातलीच एक. आपल्याला हे नवीन नाही. तेल तापल्यावर मोहरीचा डबा शोधतं का कुणी?

मग भिंतीवर प्रत्येक पान्ह्याची जागा रंगवली. गाडी आली की आधी पूर्ण तपासणी, पार्टची एकच यादी, मालकाला एकच फोन. खर्च आणि होकार जॉब कार्डावर. घाई मात्र करायची नाही. नट ढिला राहिला तर गाडी परत येते, आणि जिवाशी खेळ होतो तो वेगळाच.

आता साडेसहा तास हात चालतो. लिफ्टचं कर्ज ताईंनी पुढे ढकललं.

पण गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, “वही, फोन, जॉब कार्ड हे सगळं ताई करतात. त्यांचे तास कुठे लिहिलेत?” सगळ्या गप्प झाल्या. त्या महिन्यापासून गॅरेजच्या पगाराच्या पानावर तिसरं नाव आलं, ताईंचं.

तुमच्या घरच्या धंद्याच्या वहीत तुमचं नाव आहे का? आज बघा.