ट्रॅक्टरवरील उतारदर्शक



ट्रॅक्टर बाजूला उलटतो, तेव्हा चालकाला उडी मारण्याइतकाही अवधी मिळत नाही. उताराचा नजरेने केलेला अंदाज पुष्कळदा फसवा ठरतो; म्हणून उतारदर्शकाची आवश्यकता.

वक्र नळीतील द्रवात गोळी सरकणारे उपकरण साधे असते. त्यास विजेची गरज नसते. निवड करताना अंक अंशांत आहेत की टक्क्यांत, हे अवश्य पाहावे. २० टक्के म्हणजे जेमतेम ११ अंश. ही गफलत जिवावर बेतू शकते.

उपकरण चालकासमोर, मागील आसाला समांतर बसवावे. तत्पूर्वी दोन्ही बाजूंच्या चाकांतील हवा सारखी करून ट्रॅक्टर समतल फरशीवर उभा करावा. गोळी शून्यावर आणून स्क्रू आवळावेत. नंतर ट्रॅक्टर त्याच जागी उलट दिशेने उभा करावा. फरक दिसल्यास तो फरशीच्या कलाचा समजून निम्मा दुरुस्त करावा.

तथापि उपकरण केवळ कल दाखविते, हमी देत नाही. वरचे चाक धोंड्यावर चढल्यास किंवा खालचे खड्ड्यात गेल्यास सौम्य उतारही घातक ठरतो. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. उतारदर्शकासोबत असा सांगाडा व आसनपट्टा असावा, हे पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावोगावी पटवून द्यावे.