गतिदेवतेचा नैवेद्य



सायंकाळच्या वेळीं आपण घरांत निवांत बसलेले असतों, आणि कानठळ्या बसविणारा आवाज करीत एखादी मोटरसायकल खालच्या रस्त्यानें निघून जाते. आपल्या कपाळाला आठ्या पडतात. त्या तरुणानें केलेलें तरी काय असतें? पुष्कळदां एवढेंच, कीं धुराच्या नळीवरचा आवाज दाबणारा भाग त्यानें काढून टाकलेला असतो, हातांत धरण्याचा दांडा खालीं वळविलेला असतो, आणि आपली रस्त्यावरची गाडी शर्यतीची झाली असें समाधान करून घेतलेलें असतें. साध्या फटफटीचें शर्यतीच्या यंत्रांत रूपांतर करणें म्हणजे खरोखर काय, हें आज मला आपणांस सांगावयाचें आहे. त्यासाठीं मीं एका म्हाताऱ्याची गोष्ट निवडली आहे. ती सर्वस्वीं खरी आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या टोकाजवळ इन्व्हरकार्गिल नांवाचें शहर आहे. बर्ट मन्रो हा त्याच भागांतील शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८९९ सालचा. १९२० सालीं त्यानें 'इंडियन स्काउट' नांवाची एक नवी मोटरसायकल विकत घेतली. ह्या नांवामुळें आपली फसगत होण्याचा संभव आहे. त्यांतील 'इंडियन' शब्दाचा आपल्या देशाशीं कांहीं संबंध नाहीं. तो अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून घेतलेला आहे. गाडी बनली होती मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड गांवीं. दोन सिलिंडरांचें ६०० घन सेंटिमीटरांचें इंजिन, आणि जास्तींत जास्त वेग ताशीं ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. त्या काळच्या गृहस्थाला बाजारांत नि कचेरींत जाण्यास तो भरपूर होता. मन्रोला तो पुरेना. १९२६ च्या सुमारास त्यानें गाडी खोलली, आणि त्यानंतर ती पूर्ण झाली असें त्याला जन्मभर कधीं वाटलें नाहीं.

आतां, इंजिनाकडून अधिक काम घ्यावयाचें म्हणजे काय करावयाचें? इंजिन हें एका अर्थानें श्वास घेणारें यंत्र आहे. हवा व पेट्रोल आंत ओढावयाचें, दट्ट्यानें तें दाबावयाचें, ठिणगीनें पेटवावयाचें, आणि जळलेला वायु बाहेर टाकावयाचा. हा श्वास जितका मोकळा आणि दाब जितका अधिक, तितकी शक्ति अधिक. स्काउटच्या मूळ रचनेंत झडपा सिलिंडरच्या कडेला बसविलेल्या होत्या. ही रचना स्वस्त आणि टिकाऊ असते. पण तींत वायूला वळण घेऊन जावें लागतें, आणि ज्वलनाची जागा पसरट झाल्यामुळें दाब फारसा वाढवितां येत नाहीं. मन्रोनें झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नेल्या. हें लिहावयास एक ओळ पुरते. करावयास नवीं डोकीं, नवे दांडे, नवे कॅम, सर्व कांहीं नवें करावें लागतें. आणि खरी अडचण पुढेंच असते. शक्ति वाढली कीं जुना दट्ट्या वितळतो; दट्ट्या मजबूत केला कीं त्याला जोडणारा दांडा तुटतो; दांडा सुधारला कीं ताण क्लचवर आणि साखळीवर जातो. एक दोष दूर करावा, तर तो दुसऱ्या ठिकाणीं जाऊन बसतो. रूपांतराचें सारें शास्त्र ह्या पाठलागांत आहे.

हे भाग विकत घेण्याइतका पैसा मन्रोजवळ नव्हता, आणि असता तरी असे भाग कोठें मिळतच नव्हते. म्हणून त्यानें ते स्वतः घडविले. टाकून दिलेल्या जुन्या डब्यांचे सांचे करून त्यांत तो दट्ट्ये ओती. सिलिंडर त्यानें गॅसच्या ओतीव लोखंडी नळापासून केले. दट्ट्याचे जोडदांडे त्यानें कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या आंसाच्या पोलादांतून हातानें कोरून काढले. सूक्ष्म मापें घेण्यास तो चाकाची एक जुनी आरी वापरी. दिवसां मोटरसायकली विकण्याची नोकरी, आणि रात्रीं हें काम.

जे भाग मोडले, फुटले, वितळले, ते त्यानें फेंकले नाहींत. कामाच्या जागेंतील एका फळीवर ते ओळीनें मांडून त्यानें वर लिहिलें होतें, कीं हा गतिदेवतेला अर्पण केलेला नैवेद्य आहे. वाचणाऱ्याला हंसूं येतें. पण मला वाटतें, त्या फळीपेक्षां चांगला शिक्षक त्याला मिळाला नसता. मोडलेल्या दांड्याचा छेद पाहिला म्हणजे तो कोठें आणि कां मोडला हें कळतें. पुढचा दांडा त्या ज्ञानावर उभा राहतो. आपण आपल्या चुका पडद्याआड टाकतों. त्यानें त्या डोळ्यांसमोर ठेवल्या.

इंजिनानंतर दुसरा शत्रु म्हणजे हवा. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध त्या वेगानें तोडीत जाण्यास लागणारी शक्ति आठपट होते. मन्रोची गाडी ५५ मैलांवरून अखेरीस १८४ मैलांवर गेली. आकार तोच ठेवून हें साधावयाचें तर सुमारे ३७ पट शक्ति हवी. आणि इंजिनाची धारणा तर ६०० वरून ९५० घन सेंटिमीटर, म्हणजे केवळ दीडपटीच्या थोडी वर गेली होती! उरलेलें अंतर त्यानें मोकळ्या श्वासानें, फिरण्याच्या वाढीव वेगानें, आणि गाडीभोंवतीं चढविलेल्या निमुळत्या कवचानें तोडलें. त्या कवचांत तो जवळजवळ पालथा पडून गाडी हांकी.

अमेरिकेच्या उटाह संस्थानांत बॉनव्हिल येथें मिठाचें विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. वेगाचे विक्रम तेथें मोजले जातात. वाऱ्याचा फायदा मिळूं नये म्हणून एकाच अंतरावर दोन्ही दिशांनीं धांवावें लागतें, आणि सरासरी धरली जाते. मन्रोनें समुद्र ओलांडून आपली गाडी तेथें नेली. १९६२ सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, त्यानें ताशीं सुमारे १७९ मैलांचा विक्रम केला. १९६६ सालीं दुसरा केला. १९६७ सालीं तिसरा. तेव्हां स्वार ६८ वर्षांचा होता आणि गाडी ४७ वर्षांची.

परंतु ह्या यशाची दुसरी बाजू सांगितली नाहीं तर मीं आपणांस फसविलें असें होईल. १९६७ सालींच एका धांवेंत गाडी भर वेगांत हेलकावे खाऊं लागली. वेग उतरावा म्हणून तो कवचांतून वर उठला. वाऱ्यानें डोळ्यांवरचा चष्मा उडविला, पुढचें दिसेनासें झालें, आणि अखेर त्याला गाडी मिठावर आडवी टाकावी लागली. तो थोडक्यांत वांचला. आणि घर? १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याचा विवाह मोडला होता. पुढें नोकरी सोडून तो एका गॅरेजमध्येंच राहूं लागला. फळीवरच्या नैवेद्यांत केवळ धातूचेच तुकडे होते काय, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. त्याच्या घरच्या माणसांनीं त्याचें काय उत्तर दिलें असतें, तें आपण आपल्याशींच ठरवावें.

मन्रो १९७८ च्या जानेवारींत वारला. त्याच्यावरील चित्रपट २००५ सालीं निघाला, आणि अर्धे जग त्याला ओळखूं लागलें. पण मला अधिक भावते ती नंतरची एक लहानशी घटना. १९६७ च्या दोन धांवांची सरासरी काढतांना गणितांत चूक झाली होती, हें त्याच्या मुलाच्या लक्षांत आलें. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशननें २०१४ सालीं ती दुरुस्त केली: १८३.५८६ च्या जागीं १८४.०८७ मैल. अर्ध्या मैलाचा फरक, आणि तो मिळण्यास माणसाच्या मृत्यूनंतर ३६ वर्षें लागलीं. चाकाच्या आरीनें माप घेणाऱ्या त्या म्हाताऱ्याला हा अर्धा मैल क्षुल्लक वाटला नसता.

तेव्हां, ज्या घरांत जुनी मोटरसायकल आणि हौशी मुलगा असे दोन्ही असतील, त्या घरांतील वडील मंडळींस माझी एवढीच विनंती आहे. मुलाला रागें भरण्यापूर्वीं त्याला विचारावें, 'बाबा रे, आवाज वाढविलास. त्यानें वेग किती वाढला, तें मोजलेंस काय? वाढला असेल तर तो आवरण्यास ब्रेक पुरेसा आहे काय? आणि हा वेग तूं कोठें वापरणार?' ह्या तिसऱ्या प्रश्नाला मन्रोजवळ उत्तर होतें: जेथें दुसरें कोणी आडवें येणार नाहीं, त्या मिठाच्या मैदानावर. मुलाजवळ तिन्ही उत्तरें असलीं तर त्याला एक कानस घेऊन द्यावी, आणि घरांतील एक फळी रिकामी करून द्यावी. मोडके तुकडे तिच्यावर जमूं लागले कीं समजावें, मुलगा शिकूं लागला आहे. मात्र जेवणाची वेळ झाली म्हणजे त्याला हांक मारण्यास विसरूं नये, आणि हांक मारली म्हणजे त्यानें उठून आलें पाहिजे, हेंही त्याला पहिल्याच दिवशीं सांगून ठेवावें.