जमीन हाताने वाचावी



भूशास्त्र हा शब्द कानावर पडला की शहरातली प्रयोगशाळा, काचेची कपाटे आणि जाडजूड इंग्रजी ग्रंथ आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. हे काही आपल्यासाठी नाही, असे वाटून हात रेडिओच्या बटणाकडे जातो. जरा थांबा. विहीर कुठे खणावी, पाऊस रानात मुरतो की ओढ्याने निघून जातो, माती धरून ठेवते की सोडून देते, हे सारे प्रश्न भूशास्त्राचेच आहेत. आणि ते शहरापेक्षा खेड्यातच रोज पडतात. उत्तर चुकले तर काय होते, तेही आपण जाणता. गोठ्यातली दुभती गाय विकावी, वर कर्ज काढावे, बोअर घ्यावी, आणि यंत्रातून वर यावा कोरडा भुगा! असे घर प्रत्येक गावात एखादे तरी असतेच.

म्हणून आज मी आपल्याला काही प्रयोग सांगणार आहे. सामान अगदी घरचेच: काचेची बरणी, चुंबक, लिंबू, रिकामा डबा, सुतळी आणि घड्याळ. बालवाडीतल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला यात काम आहे.

प्रथम आपण कशावर उभे आहोत ते पाहू. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळेच. दक्षिण कोकणातला जांभा किंवा चंद्रपूर-भंडाऱ्याकडचे खडक निराळे. पण आपली वस्ती बहुतेक या लाव्ह्यावरच आहे. त्यावरचा मुरूम आणि माती ही त्याच खडकाची झीज.

आता लहान मुलांपासून सुरुवात करू. गुरुजी, बाई, शनिवारची सकाळ यासाठी चांगली. चुंबक कागदात गुंडाळून ओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवा. काळ्या कणांची मिशी त्याला चिकटेल. कागद काढला की कण आपोआप गळून पडतात, चुंबक स्वच्छ राहतो. हे लोहाचे खनिज, मॅग्नेटाइट. ते डोंगरातल्या काळ्या दगडात होते. दगड झिजला, पाण्याने ते इथवर आणले. डोंगर झिजतो, हे वाक्य पुस्तकात वाचून मुलाला जेवढे कळत नाही, तेवढे या मिशीवरून कळते.

दुसरा प्रयोग चुनखडीचा. काळ्या रानात पांढरट खडे सापडतात. एक खडा कुटून पूड करा आणि वर लिंबू पिळा. बुडबुडे आले की समजावे, चुना आहे. मग शेतातल्या मातीवरही लिंबू पिळून पाहा. माती जोराने फसफसली, तर मोसंबी-संत्र्याची बाग लावण्याआधी माती तपासून घ्यावी. फार चुन्याच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. पोरांचा खेळ आहे, पण बापाने उभे राहून पाहावा असा!

तिसरा प्रयोग बरणीचा. बरणीत तिसरा हिस्सा माती घाला, बाकी पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा. झाकण लावून चांगली हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते. बारीक गाळ दोनएक तासांनी बसतो. चिकणमातीला मात्र दुसरा दिवस उजाडतो, कधी त्याहूनही उशीर लागतो. पट्टीने थर मोजा. काळ्या रानाच्या मातीत चिकणमातीचा थर मोठा दिसेल. हीच माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

चौथा प्रयोग सातवी-आठवीच्या मुलांनी करावा. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटे ठोका. पत्र्याच्या कडा मोठ्या माणसाने आधी ठोकून बोथट कराव्यात, नाहीतर हात कापायचा. डब्यात तांब्याभर पाणी ओता आणि किती मिनिटांत मुरते ते लिहून ठेवा. मग हेच झाडाखाली, बांधावर, नांगरल्या रानात आणि गुरांच्या वाटेवर करा. झाडाखाली पाणी बघता बघता जिरेल. गुरांच्या वाटेवर पोरे बसून बसून कंटाळतील. आपण म्हणतो, पाऊस कमी पडतो. कधी कधी तो पडतो, पण आत जायला त्याला दार मिळत नाही.

आता विहिरीचा प्रश्न. दोन सारखी पातेली घ्या. एकात खडी भरा, दुसऱ्यात मावेल तेवढा एकच घट्ट काळा धोंडा ठेवा. खडीच्या पातेल्यात मापाने पाणी ओता. साधारण तिसरा हिस्सा पाणी आत सहज बसेल. धोंड्याच्या अंगात मात्र थेंब शिरत नाही, भोवती राहील तेवढेच. आपल्या जमिनीखालीही हेच आहे. मुरूम, फुटका खडक, भेगा यांत पाणी साठते. अखंड कातळात नाही. खाली पाण्याचा समुद्र भरला आहे, आणखी खोल गेले की लागेलच, ही समजूत घट्ट कातळाच्या मुलखात फार महाग पडते.

इथे एका मोठ्या बादलीत वाळू भरून ओली करा, दोन बाजूंना दोन खड्डे करा. दोन्हींत पाणी दिसू लागेल. एकातले पाणी वाटीने उपसत राहा. थोड्या वेळाने दुसऱ्यातलेही खाली जाते. दोन विहिरी एकाच भेगेवर किंवा एकाच मुरमाच्या थरावर असतील तर त्यांचे असेच होते. तुमची बोअर आणि शेजाऱ्याची विहीर यांच्यामध्ये बांध आहे, पण तो वर आहे, खाली नाही.

आता कुणी विचारील, मग आमचा पाणाड्या खोटा का? मी त्याची थट्टा करणार नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत पाणी शोधण्यावर एक अध्यायच लिहिला आहे. त्यात झाडे, वारुळे, मातीचे रंग यांच्या खुणा दिल्या आहेत. यातल्या साऱ्याच खुणा खऱ्या ठरतील असे नाही. पण जमिनीकडे निरखून पाहण्याची ती वृत्ती शास्त्राचीच आहे. हातातल्या नारळाने पाणी सांगितले तर मात्र मी एवढेच म्हणेन, आधी शेजारच्या विहिरी पाहा.

विहीर पाहायची म्हणजे काय? तिच्या बाजूला सारा इतिहास उघडा पडलेला असतो. वर माती, मग मुरूम, मग फुटका खडक, मग घट्ट पाषाण. कुठे कुठे दोन लाव्ह्यांच्या मधला तांबडा थर. झरा कोणत्या थरातून येतो, ते कठड्याबाहेर उभे राहून पाहा आणि लिहून ठेवा. गावातल्या दहा विहिरींची अशी टिपणे झाली, की पाणी कोणत्या थरात धरते ते दिसू लागते. हे काम आजोबांचे. कोणत्या दुष्काळात कोणती विहीर आटली, कुणाचा झरा शेवटपर्यंत टिकला, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? मात्र मुलांना विहिरीवर एकटे पाठवू नका आणि आत तर कुणीच उतरू नये.

शेवटचे काम मोजणीचे. सुतळीला वजन बांधून, हातावर किंवा मीटरवर गाठी मारून, कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. एकदा दिवाळीच्या सुमारास, एकदा मे महिन्यात. पावसासाठी सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. चारशे मिलिमीटर पडला तर एकरी १६ लाख लिटर. हे आकडे शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. पण आपल्या आळीतली विहीर आपणच मोजली पाहिजे.

याने होते काय? पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे नाव आपण ऐकले असेल. तिथे पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात आणि त्यावरून कोणती पिके घ्यावीत ते ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला गावाने बंदी केली. असा निर्णय सरकारी कागदाने होत नाही. आकडा सर्वांच्या डोळ्यांपुढे असला म्हणजे भांडणाला जागा कमी राहते. आपल्याच मुलाने मोजलेला आकडा बाप सहसा नाकारत नाही, हेही खरेच!

तेव्हा गुरुजी, बाई, येत्या शनिवारी एक बरणी आणि एक डबा वर्गात आणाच. आणि शेतकरी दादांनो, बोअरच्या गाडीला सांगावा धाडण्याआधी चार विहिरींच्या कठड्यावर जाऊन या. बरोबर घरातले एखादे पोर आणि गावातले एखादे म्हातारे माणूस असू द्या.