शिवसागर ओलांडण्यापूर्वी



सातारा जिल्ह्यात बामणोलीहून शिवसागर जलाशय ओलांडल्यावर वासोट्याची वाट लागते. हा किल्ला २०१० साली घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. त्यामुळे वन विभागाची परवानगी लागते. गडावर मुक्काम करता येत नाही. मार्गदर्शक सोबत असला म्हणजे सारा भार त्याच्यावर, ही समजूत मात्र सोडावयास हवी. पाठीवरील पिशवी स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड नसावी. ती भरून महिनाभर आधी चढणीचा सराव करावा. सातारकर भगिनींना अजिंक्यतारा जवळच आहे.

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची चिंचोळी नाव, वापरावयाची असल्यास ती उथळ पाण्यात मार्गदर्शकासमक्ष मुद्दाम उलटवून बाहेर पडण्यास शिकावे. पोहता येवो वा न येवो, जीवरक्षक जाकिटाचे सर्व पट्टे आवळलेले असावेत. सांगलीकरांना हे निराळे सांगावयास नको. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात ब्रह्मनाळ येथे नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. पाण्यात साडी पायांत गुंतते, म्हणून पोशाख सुटसुटीतच असावा. घरच्यांचा आक्षेप असल्यास तो निघण्यापूर्वीच मिटवावा. मासिक पाळीचे साहित्य निःसंकोचपणे बरोबर घ्यावे व वापरलेले परत आणावे.

परतण्याची वेळ व मार्गदर्शकाचे नाव घरी लिहून ठेवावे. जलाशयापलीकडे मोबाईलवर विसंबता येत नाही.